जुन्या पायमशीनच्या स्टँडवर नक्षीची करवत: घरच्या घरी, मोटारीशिवाय

पायानं चालणारी करवत बनवायची म्हटलं की बहुतेक लोक सायकल आणि तिला जोडलेलं मोठं गोल पातं यांचा विचार करतात. तो विचार सोडून द्या. धडधाकट माणूस सायकलवर बराच वेळ सलग पॅडल मारतो तेव्हा साधारण ७५ वॉट ताकद देतो. सुताराच्या गोल करवतीला दीड ते दोन हॉर्सपॉवरची मोटार असते, म्हणजे ११०० ते १५०० वॉट. एवढी तफावत गिअरनं किंवा पुलीनं भरून निघत नाही. पुली वेग वाढवते, ताकद वाढवत नाही.

मग पायाच्या ताकदीत काय बसतं? ज्या पात्याला कमी लाकूड खावं लागतं ते. गोल पातं लाकडात सुमारे ३ मिलिमीटर रुंदीची खाच पाडत जातं आणि त्या सगळ्या लाकडाचा भुसा करायला ताकद लागते. जाळीकामाचं बारीक पातं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खाच पाडतं. तेवढ्याच कापाला भुसा सहापटीनं कमी, कष्टही त्याच मानानं कमी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी बार्न्स बंधूंच्या कंपनीनं १८७० च्या दशकापासून पायानं चालणाऱ्या नक्षीच्या करवती विकल्या त्या याच हिशेबावर. वाफेचं इंजिन परवडत नसलेल्या कारागिरांनी त्यांवर पोट भरलं. आपल्याकडे निम्मं यंत्र आधीच घराघरांत पडून आहे: शिलाईच्या पायमशीनचा बिडाचा स्टँड.

या करवतीवर ३ ते २० मिलिमीटर जाडीचं लाकूड कापता येतं. प्लाय, सागवान, शिवण, आंबा सगळं चालतं. सावंतवाडीच्या खेळण्यांत वापरतात तो पांगारा तर अगदी हलका जातो. नावाच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, मुलांची जोडकोडी, लाकडी प्राणी ही तिची खरी कामं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर गणपतीला ४ मिलिमीटर प्लायची कापीव मखरं करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. पलंगाच्या फळ्या उभ्या चिरायला मात्र ती नाही.

स्टँड निवडताना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार किंवा गावातला भंगारवाला, कुठेही स्टँड मिळतो. वरचं मशीन नसलं तरी चालेल, पण खालचं मोठं चाक, पॅडल आणि त्यांना जोडणारा उभा दांडा हे तिन्ही मूळचे हवेत. चाक हातानं फिरवून सोडा. ते सहज चार-सहा फेरे घेऊन थांबलं तर उत्तम. फिरताना कडेनं लपलपत असेल तर मधला कोन-नट सैल आहे का ते आधी पाहा, बहुतेक वेळा तो आवळला की भागतं. गंज दिसला म्हणून नाकारू नका. रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं तो निघतो. बिडाला तडा असेल तर मात्र घेऊ नका, कारण बिडाचं वेल्डिंग साध्या वेल्डरकडे टिकत नाही आणि रोजच्या थरथरीत तडा वाढतच जातो.

पॅडलच्या दोन्ही टोकांना निमुळते स्क्रू असतात, त्यांवर ते झुलतं. त्यांत तेल सोडून पॅडल टाच-चवडा, टाच-चवडा असं हलवून बघा. खटखट आवाज आला तर स्क्रू थोडे आत घ्या आणि बाहेरचा नट आवळा. पुढचं काम सुरू करण्याआधी स्टँड रिकामा चालवून इतका सुरळीत करून घ्या की चाक फिरताना फक्त हवेचा आवाज येईल. इथे गेलेली ताकद पुढे पात्याला मिळणार नसते.

मापं शाफ्टपासून सुरू होतात

मशीनच्या फळीत उजव्या टोकाला पट्ट्याची दोन भोकं असतात. ती मोठ्या चाकाच्या बरोबर वर आहेत, म्हणून आपला नवा शाफ्ट त्या भोकांच्या मध्यावर, फळीच्या लांबीला समांतर बसणार. ही जागा बदलता येत नाही. बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं: पातं शाफ्टच्या १५० मिलिमीटर पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला, आणि हातांचा खुंटा (पातं धरणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, म्हणजे करवतीचे हात, जिथे झुलतात ती जागा) शाफ्टच्या २३० मिलिमीटर मागे. म्हणजे खुंट्यापासून पात्यापर्यंत ३८० मिलिमीटर. फळी अरुंद असेल तर खुंट्याचे खांब मागच्या कडेबाहेर जातील. तसं झालं तर खाली १८ मिलिमीटर प्लायची एक मोठी पाटी टाकून ती फळीला बोल्टनं घट्ट धरा आणि पट्ट्याची भोकं तिच्यातही पाडा.

रचना एकदा डोळ्यांसमोर आणा. जुन्या फळीवर आडवा शाफ्ट. शाफ्टच्या उजव्या टोकाला पुली, डाव्या टोकाला क्रँक, म्हणजे मध्यापासून बाजूला खिळा असलेली तबकडी. क्रँकवरून एक छोटा दांडा वर जाऊन खालच्या लाकडी हाताला ढकलतो-ओढतो. खालचा आणि वरचा असे दोन हात मागे खांबात झुलतात, पुढे त्यांच्यामध्ये पातं ताणलेलं असतं आणि मागच्या शेपटांना एक आटेवाली सळई ओढून धरते. खालच्या हाताच्या वर आपलं नवं टेबल. दोन्ही हात एकाच मापाचे असल्यामुळे चारही सांधे मिळून समांतरभुज चौकोन होतो आणि हात वर-खाली झाले तरी पातं उभंच राहतं. त्याचं मागे-पुढे सरकणं इतक्या लांब हातांत जेमतेम ०.३ मिलिमीटर असतं.

आधी पात्याचे चिमटे

हे सगळ्यांत छोटे भाग, पण दोन हातांमधलं अंतर त्यांच्यावर ठरतं, म्हणून ते आधी. फ्रेट सॉची, म्हणजे जाळीकामाच्या करवतीची, बिनपिनेची (टोकाला आडवी पिन नसलेली) पाती १३० मिलिमीटर लांब असतात. १२ मिलिमीटर चौरस लोखंडी पट्टीचे ३० मिलिमीटरचे दोन तुकडे कापा. एका टोकापासून ७ मिलिमीटरवर ६ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, इथे चिमट्याला हाताशी जोडणारा खिळा (गोल लोखंडी पिन) येईल. दुसऱ्या टोकाला हॅकसॉनं बरोबर मध्यावर १० मिलिमीटर खोल चीर द्या. चिरेला काटकोनात, एकाच बाजूनं, ४.२ मिलिमीटरचं भोक पाडून एम ५ चे (५ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचे) आटे पाडा आणि त्यात चपट्या टोकाचा ॲलन स्क्रू घाला. स्क्रू पात्याला चिरेच्या समोरच्या भिंतीवर दाबून धरतो. ती भिंत पातळ कानशीनं सपाट करा. भिंतीवर उंचवटा राहिला तर पातं तिथेच तुटणार.

आता दोन्ही चिमट्यांत पातं आवळा, हातानं सरळ ताणा आणि एका खिळ्याच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. वरच्या मापांनी ते १५६ मिलिमीटरच्या आसपास येईल. तुमचं जे येईल ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. पुढे मी १५६ म्हणेन तिथे तुम्ही तुमचा आकडा घ्या.

हात आणि खांब

हातांसाठी सरळ रेषांचं, गाठ नसलेलं, वाळलेलं सागवान घ्या. जुन्या दाराच्या चौकटीचं मिळालं तर फारच छान, कारण त्याचं जे काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं. दोन तुकडे, प्रत्येकी ५२० मिलिमीटर लांब, ४५ रुंद, २५ जाड. ते एकावर एक ठेवून क्लॅम्पनं घट्ट धरा आणि तिन्ही भोकांच्या जागा दोघांतून एकाच वेळी बारीक ड्रिलनं आरपार पाडा: पुढच्या टोकापासून १० मिलिमीटरवर चिमट्याचं भोक, तिथून ३८० वर खुंट्याचं, आणि त्याच्याही मागे १२० वर ताणसळईचं. तिन्ही एका सरळ रेषेत, रुंदीच्या मध्यावर. एकत्र पाडल्यामुळे दोन्ही हातांची मापं आपोआप जुळतात. वेगवेगळं मोजून पाडलं तर एखाद्या मिलिमीटरचा फरक हमखास पडतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला पातं ताणलं-सैल झालं असं होत राहतं.

खुंट्याच्या जागी ६०८ नंबरची बेअरिंग बसवायची. स्केटिंगच्या चाकांत असतात तीच: आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. हाताच्या दोन्ही बाजूंनी २२ मिलिमीटरच्या फोर्स्टनर बिटानं (सपाट तळाचा खळगा पाडणारं ड्रिल) ७ मिलिमीटर खोल खळगा घ्या आणि मधलं भोक १० चं करा, म्हणजे बोल्ट लाकडाला घासणार नाही. बेअरिंग लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकून बसवा. हातोडी थेट बेअरिंगवर मारू नका.

नंतर हात पुढे निमुळते करा, खुंट्यापाशी ४५ रुंद ते टोकाला २५. पुढचं भोक मध्यरेषेवरच राहावं म्हणून उतार वरून आणि खालून सारखा काढा. हे दिसण्यासाठी नाही. हाताच्या टोकाचं वजन प्रत्येक फेऱ्यात दोनदा उलट फिरवावं लागतं, आणि ते काम तुमचा पाय करतो. टोकाला रंध्यानं जेवढं लाकूड काढाल तेवढी थरथर कमी. टोकात चिमट्यासाठी १३ मिलिमीटर रुंद, ३० खोल खाच घ्या, चिमटा तिच्यात बसवून ६ मिलिमीटरचा खिळा आरपार घाला. चिमटा खिळ्यावर मोकळा फिरला पाहिजे, पण बाजूला डुलता कामा नये. गरज पडली तर पातळ वॉशर घाला.

खांब दोन, हातांच्या दोन्ही बाजूंना. ७० रुंद, २५ जाड, ३८० उंच. तेही एकत्र धरून भोकं पाडा: जुन्या फळीपासून १६० मिलिमीटर उंचीवर खालच्या हाताचं आणि त्याच्या वर १५६ वर वरच्या हाताचं. एम ८ चे लांब बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर, आणि शेवटी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीनं न सुटणारा). नट असा आवळा की हात स्वतःच्या वजनानं हळू खाली यावा, पण बोटांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवला तर हलू नये. खांबांच्या मध्ये वरच्या टोकाला एक आडवा ठोकळा आणि पायथ्याला लोखंडी कोन लावा.

मागच्या शेपटांत पलंगाच्या बोल्टला लागतात तसे १२ मिलिमीटरचे आडवे गोल नट घाला. खालचा एम ८ आट्यांचा, वरच्यातले आटे ड्रिलनं काढून टाकलेले. हाताच्या वरून खाली १० मिलिमीटरची लांबट खाच पाडून त्यातून एम ८ ची आटेवाली सळई दोन्हींतून न्या. वर वॉशर आणि कानाचा नट. हा नट आवळला की शेपटं जवळ येतात, पुढची टोकं लांब जातात आणि पातं ताणलं जातं.

शाफ्ट, पुली आणि वजनाचं चाक

२० मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत गोल लोखंडी सळई) घ्या. लांबी तुमच्या फळीप्रमाणे, बहुतेक ३५० च्या आसपास येते. बेअरिंग यूसीपी २०४, पायासकट येतात, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत सहज मिळतील. त्यांची मध्यउंची ३३ मिलिमीटर असते. खाली २७ मिलिमीटरची पट्टी टाकली की शाफ्ट ६० उंचीवर येतो. नवीन असताना ती रबरी सीलमुळे जरा जड फिरतात, थोडं चालल्यावर मोकळी होतात. त्यांच्या निपलमधून आणखी ग्रीस भरू नका. मोटारीला त्याचा फरक पडत नाही, पायाला पडतो.

पुली ६० मिलिमीटर व्यासाची, गोल पट्ट्यासाठी खाच असलेली. मोठ्या चाकाची खाच साधारण ३०० मिलिमीटर व्यासाची असते, तुमची मोजून घ्या. प्रमाण पाचास एक पडतं. मिनिटाला ७० वेळा पॅडल मारलं की पातं ३५० वेळा वर-खाली होतं. सरावलेल्या पायाला ही चाल न दमता जमते, आणि लाकडालाही ती योग्य आहे. पुली आणखी लहान करून वेग वाढवायचा मोह टाळा, कारण मग जाड लाकडात पाय अडकतो.

आता वजनाचं चाक. हे गाळून करवत बनवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचीच करवत नंतर कोपऱ्यात पडते. पॅडलचा जोर सतत नसतो. चवडा दाबताना येतो, टाच दाबताना येतो, मध्ये दोन जागी शून्य होतो. पातं मात्र प्रत्येक खाली जाणाऱ्या फेऱ्याला ताकद मागतं. मधली पोकळी भरून काढायला फिरतं वजन लागतं, आणि ते जलद फिरणाऱ्या शाफ्टवरच हवं. फिरत्या वजनात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. तेवढंच वजन, तेवढ्याच व्यासाचं, खालच्या मोठ्या चाकाऐवजी पाचपट वेगाच्या शाफ्टवर लावलं तर ते पंचवीसपट ऊर्जा साठवतं. खालच्या चाकाला शिसं बांधण्यात काही अर्थ नाही तो यामुळे.

व्यायामशाळेतली ५ किलोची बिडाची प्लेट या कामाला उत्तम. तिचं भोक २० पेक्षा मोठं असतं, म्हणून लेथवाल्याकडून कॉलर असलेला बुश करून घ्या: बाहेरून प्लेटच्या भोकात घट्ट, आतून शाफ्टवर बसणारा, कॉलरला दोन बोल्ट प्लेटमधून आणि एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टवर. ग्रब स्क्रूच्या जागी शाफ्टला कानशीनं सपाट बसका करा, नाहीतर तो सुटणारच. प्लेट दोन बेअरिंगच्या मध्ये येते आणि ६० मिलिमीटर उंचीत ती मावत नाही, म्हणून जुन्या फळीत तिच्यापुरती लांबट खाच कापा. पट्टा न चढवता प्लेट हलकेच फिरवून सोडा. दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबली तर ती बाजू जड आहे. तिथे कडेजवळ ड्रिलनं उथळ खळगे घेत जा, कुठेही थांबू लागेपर्यंत. याला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

क्रँक: लेथवाल्याला हे नीट सांगा

आपल्याला पात्याचा फेरा ३० मिलिमीटर हवा. दांडा खालच्या हाताला खुंट्यापासून २३० वर जोडलेला आहे आणि पातं ३८० वर, म्हणून दांड्याच्या जागी १८ मिलिमीटर पुरतात. म्हणजे क्रँकचा खिळा मध्यापासून ९ मिलिमीटरवर. शाफ्टची त्रिज्याच १० असल्यामुळे तबकडीचं भोक आरपार असेल तर खिळ्याला जागाच उरत नाही. म्हणून ६० व्यासाची, २५ जाड तबकडी घ्यायची, मागून २० मिलिमीटरचं भोक फक्त १५ खोल पाडायचं, आणि पुढच्या १० मिलिमीटर भरीव भागात मध्यापासून ९ वर एम ८ चे आटे पाडायचे. कागदावर बाजूनं काढलेलं चित्र घेऊन जा, तोंडी सांगितलं तर हमखास आरपार भोक पडून येतं. तबकडीलाही ग्रब स्क्रू आणि शाफ्टवर बसका हवाच.

दांड्यासाठी एम ८ चे मादी आट्यांचे दोन रॉड एंड (टोकाला फिरता डोळा असलेले सांधे) आणि मध्ये आटेवाल्या सळईचा तुकडा घ्या. दोन्ही डोळ्यांच्या मध्यांत १०० मिलिमीटर अंतर ठेवून लॉकनट आवळा. लाकडी दांडाही चालतो, पण याची लांबी कमी-जास्त करता येते आणि जुळवणीत ते फार उपयोगी पडतं. खालचा डोळा क्रँकवर, वरचा खालच्या हाताला आरपार घातलेल्या बोल्टवर. क्रँक आणि हात यांच्यातलं अंतर वॉशरनी असं भरा की दांडा समोरून बघताना सरळ उभा दिसेल.

टेबल

१२ मिलिमीटरचा चांगला प्लाय, ५०० रुंद, ४०० खोल. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकायला एवढी जागा लागतेच. चार ठोकळ्यांवर जुन्या फळीपासून २१८ मिलिमीटर उंचीला वरचा पृष्ठभाग आणा. खालचा चिमटा सर्वांत वर आला तरी प्लायच्या खाली पाचेक मिलिमीटर मोकळे राहायला हवेत, हातानं शाफ्ट फिरवून बघा. पात्यासाठी ६ मिलिमीटरचं भोक आणि समोरच्या कडेपासून तिथपर्यंत एक अरुंद चीर, म्हणजे पातं बदलताना सोपं जातं. पृष्ठभागावर सनमायका लावा किंवा मेण घासा. लाकूड बोटाच्या दाबानं सरकलं पाहिजे.

दाबपट्टी विसरू नका. वर जाताना पातं लाकडालाही उचलू पाहतं आणि लाकूड टेबलावर थडथड आपटतं. खांबांवरून पुढे आलेली १२ मिलिमीटरची सळई, तिच्या टोकाला खाली वर करता येणारी पातळ पितळी पट्टी, पट्टीत पात्यासाठी काटा. ती लाकडाला जेमतेम टेकलेली असावी. भुसा रेघेवर साठतो त्यासाठी बीपीच्या यंत्राचा रबरी फुगा वरच्या हाताखाली येईल असा खांबाला बांधा. त्याच्या मागच्या टोकाला हवा आत घेणारी झडप आधीच असते. त्याची नळी पात्याजवळ आणली की प्रत्येक फेऱ्याला फुंकर बसते.

जुळवणी

क्रँकचा खिळा मधल्या उंचीला आणा. या वेळी दोन्ही हात टेबलाला समांतर दिसायला हवेत. नसतील तर दांड्याची लांबी बदला. पातं घाला, दात तुमच्याकडे आणि टोकं खाली. बोटाचं टोक दातांवरून हलकेच खालून वर नेलं की अडकतं, वरून खाली नेलं की घसरतं, ही दिशा बरोबर. कानाचा नट आवळत जा आणि पात्याला नखानं टिचकी मारा. भद्द आवाज स्वच्छ, चढा झाला की थांबा. टेबलावर छोटा गुण्या ठेवून पातं समोरून आणि बाजूनं काटकोनात आहे का पाहा. टेबलाच्या ठोकळ्याखाली कागदाच्या घड्या घालून हा कोन सुधारतो, त्यात कमीपणा काही नाही.

चामड्याचा पट्टा शिलाई मशीनचाच. नवी पुली मूळच्या मशीनच्या हातचाकापेक्षा खाली आणि लहान आहे, म्हणून तो कापून लहान करावा लागेल. भोकांच्या कडांना पट्टा घासत असेल तर कडा गोल कानशीनं मोकळ्या करा. आता शाफ्ट हातानं सावकाश फिरवा, पूर्ण फेरे, कान लावून. कुठेही टक्क आवाज आला तर पॅडलला पाय लावायच्या आधी तो शोधा.

आवरणं आधी, काप नंतर

वजनाच्या प्लेटवर, पुलीवर आणि पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूवर प्लायची पेटी किंवा जाळी बसवा. खालच्या मोठ्या चाकालाही. ही यंत्रं मुकाट फिरतात, मोटारीचा आवाज नसल्यामुळे घरातली मुलं बिनधास्त जवळ येतात, आणि ५ किलोची प्लेट पाय काढल्यावरही फिरत राहते. पदर, ओढणी, सैल बाह्या आवरून बसा. पातं तुटून उडतं, म्हणून चष्मा हवाच. प्लायचा आणि एमडीएफचा भुसा नाकात जाऊ देऊ नका.

पहिला काप

स्टूल वीस-बावीस इंची असावं. काम छातीच्या उंचीला येतं, बारीक रेघ न वाकता दिसते. आधी पातं न घालता पॅडलचा सराव करा. मोठ्या चाकाला हातानं गती द्या, मग टाच आणि चवडा आळीपाळीनं. शिवणकाम केलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत जमतं, म्हणून घरात कुणी शिवत असेल तर त्यांनाच पहिल्यांदा बसवा आणि पायाकडे बघा.

पहिला तुकडा ६ मिलिमीटरचा प्लाय, पातं ३ नंबरचं. १० ते १२ मिलिमीटरला ५ नंबर, १८ ते २० मिलिमीटरच्या सागवानाला ७ नंबर. लाकडात एका वेळी निदान तीन दात राहतील असं पातं निवडायचं. लाकूड ढकलू नका, पात्याला जेवढं हवं तेवढंच द्या. चाल मंद होताना जाणवली तर हाताचा दाब कमी करा, पायाचा वाढवू नका. वळणावर पातं जागच्या जागी चालू ठेवून लाकूड त्याच्याभोवती फिरवायचं. जाळीच्या आतल्या खिडक्यांसाठी आधी २ मिलिमीटरचं भोक पाडून पातं वरच्या चिमट्यातून सोडवा, भोकातून ओवून पुन्हा आवळा.

सरळ रेघेवर पातं एका बाजूला ओढत असेल तर घाबरू नका. दात पाडताना पात्याच्या एका बाजूला बारीक कोर राहते, त्यामुळे बहुतेक पाती तिरकी चालतात. लाकूड किंचित तिरकं धरून ढकललं की काप रेघेवर येतो, आणि थोड्याच वेळात हाताला त्याची सवय होते.

पुढची देखभाल

पाती वरचेवर चिमट्यापाशी तुटत असतील तर चिमट्याची भिंत सपाट नाही किंवा दोन चिमटे एका रेषेत नाहीत. मधोमध तुटत असतील तर तुम्ही ढकलताय. काप खाली-वर तिरपा येत असेल तर टेबलाचा काटकोन सुटलाय, किंवा पातं सैल आहे. प्रत्येक फेऱ्याला टकटक आवाज येतो तेव्हा दहांपैकी नऊ वेळा क्रँकचा ग्रब स्क्रू सैल झालेला असतो. तो लगेच आवळा, कारण तसंच चालवलं तर शाफ्टवरचा बसका खराब होतो आणि मग पुन्हा लेथकडे जावं लागतं.

रॉड एंड, चिमट्यांचे खिळे आणि पॅडलचे स्क्रू यांना काम सुरू करताना मशीन ऑइलचा एकेक थेंब द्या. लाकडावर तेल सांडू देऊ नका, भुसा चिकटून लगदा होतो. काम संपल्यावर कानाचा नट दोन फेरे सैल करा, म्हणजे पातं आणि हात ताणात राहत नाहीत. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा ओलसर हवेनं लांबतो आणि पुलीवर घसरतो. तेव्हा त्यावर राळेची पूड घासा. तेवढ्यानं भागलं नाही तर तारेची कडी काढून पट्टा पाच-सहा मिलिमीटर कापा आणि पुन्हा जोडा. कापताना बेतानं, कारण हिवाळ्यात तोच पट्टा आखडतो आणि फार ताणला गेला तर बेअरिंग जड होतात.